बाळ एनआयसीयूमध्ये असताना आई-बापाने तिथे नेमके काय करायचे?

आपण विचारले आहे की, गरोदरपणाच्या तिसाव्या आठवड्यात जन्मलेले आपले बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आहे, पत्नी अजून वॉर्डातच आहे, आणि सारे काही डॉक्टर व सिस्टरच करीत असताना आपण बाळाला ऊब देणाऱ्या पेटीजवळ, म्हणजे इन्क्युबेटरजवळ, नुसते उभे राहून काय साधते. माझी मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली आणि तिच्या आईचा रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत तिच्याजवळ मी एकटाच असे, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. माझ्या मते आई-बापाने तिथे स्वतःला भेटीला आलेला नातेवाईक समजू नये. उपचाराचा काही भाग त्यांच्याच वाट्याचा असतो, आणि तो कोणता हे लवकर उमगले तर पुढचे आठवडे निभावतात.

आधी मॉनिटरविषयी, कारण नवख्या माणसाचा जीव तिथेच टांगलेला असतो. ऑक्सिजनवर असलेल्या अशा बाळाचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची पातळी, साधारण 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. ते 100 दिसत नाही म्हणून घाबरू नये, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला घातक ठरतो. पुष्कळसे अलार्म बाळाने पाय झाडल्यामुळे किंवा पायाला गुंडाळलेला सेन्सर सैल झाल्यामुळे वाजतात. काही मात्र खरे असतात: मेंदूतील श्वासाचे केंद्र अजून पिकलेले नसल्यामुळे बाळ मध्येच श्वास घ्यायचे थांबते, आणि ही खंड 20 सेकंदांपेक्षा लांबली किंवा तिच्यासोबत हृदयाचे ठोके मंदावले की त्याला ॲप्निया म्हणतात. त्यासाठी कॅफीन देतात. होय, कॉफीत असते तेच. बहुतेक बाळांमध्ये हा त्रास (गरोदरपणापासून मोजलेल्या) छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास थांबतो, फार लवकर जन्मलेल्यांत आणखी थोडा रेंगाळतो.

अलार्म वाजल्यावर अनुभवी सिस्टर काय करते, ते एकदा नीट पाहा. ती आधी बाळाकडे बघते, त्याचा रंग आणि छातीची हालचाल पाहते, गरज वाटल्यास तळव्यावर अंगठा घासते, बाळ दचकून श्वास घेते, आणि मग ती पडद्याकडे वळते. हाच क्रम आपणही अंगी बाणवावा. बोटे ताठ फाकणे, वारंवार शिंका वा उचक्या येणे, मान फिरवून घेणे, पाठीची कमान होणे, ही बाळाने ‘आता पुरे’ म्हणण्याची रीत आहे; उलट हात तोंडाशी नेणे, पाय पोटाशी घेऊन निवांत पडणे, ही त्याला बरे वाटत असल्याची खूण. सिस्टरची पाळी दर काही तासांनी बदलते, आई-बाप मात्र तेच राहतात, म्हणून ‘आज हिचा रंग कालच्यापेक्षा फिका वाटतो’ हे वाक्य आपल्या तोंडून आले तर जाणते डॉक्टर ते कान देऊन ऐकतात. सांगायला संकोच करू नका.

स्पर्शाबाबत एक गोष्ट मला सिस्टरकडूनच कळली. कुरवाळणे या बाळांना सोसत नाही, कारण कातडी पातळ आणि नसा कोवळ्या असतात. अंगठी-घड्याळ काढून, कोपरापर्यंत हात धुऊन आणि ऊब येईपर्यंत चोळून, एक तळहात डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर अलगद ठेवावा, आणि तो हलवू नये. बोलायचे ते हळू आवाजात. इन्क्युबेटरच्या छतावर फाइल आपटली तर आतल्या बाळाला तो धडाका वाटतो, म्हणून तिथे काहीही ठेवू नका आणि दुसऱ्यालाही ठेवू देऊ नका.

यापुढचे पाऊल म्हणजे कांगारू केअर, बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरून ठेवणे. 1978 साली कोलंबियातील बोगोटा येथे एदगार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना, 2022 च्या शिफारशींनुसार, हाच उपचार जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाचे 8 ते 24 तास द्यावा असे सांगते. व्हेंटिलेटरवर असलेल्या किंवा प्रकृती गंभीर असलेल्या बाळाला थांबावे लागते, पण सीपॅपची, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारी, नळी ही आपोआप अडचण ठरत नाही. पत्नी येऊ शकत नाही तोवर हे काम आपले आहे, बापाची छातीही तितकीच उबदार असते. पुढून उघडणारा शर्ट घाला. बाळाच्या अंगावर फक्त डायपर आणि टोपी, छातीवर उभे, मान एका बाजूला आणि हनुवटी छातीला न टेकलेली. पेटीतून काढण्या-ठेवण्यात बाळ दमते, म्हणून निदान तासभर बसता येईल अशाच बेताने बसा. राउंडच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा: आज कांगारू देता येईल का, आणि नसेल तर नेमके कशासाठी थांबायचे?

दूध ही आईची बाजू, पण त्यात आपल्यालाही भरपूर काम आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ, तसाच गरोदरपणापासून मोजता, साधारण बत्तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यापासून बसू लागतो, तोवर दूध नळीनेच जाते. आईच्या दुधाने आतड्याच्या एका गंभीर आजाराचा धोका बराच कमी होतो, म्हणून चीक चार थेंब निघाला तरी तो पोहोचवावा. चोवीस तासांत आठ वेळा तरी दूध काढावे लागते, त्यात एकदा रात्री. पंप धुणे, बाटलीवर नाव व वेळ लिहिणे, ती नेऊन देणे, हे आपण घ्या, आणि कृपा करून दर वेळी ‘किती निघाले?’ असे विचारू नका. पत्नीचे रडू दोन आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आपलीही झोप उडाली असेल तर तेही सांगा.

वजन पहिल्या आठवड्यात घटते आणि दोनेक आठवड्यांत भरून येते, त्यासाठी रोज काट्यापाशी धडधडत उभे राहू नये. नातेवाइकांच्या फोनला उत्तर द्यायला घरातला एकच माणूस नेमा.

सुट्टीची तारीख कोणी ठामपणे सांगणार नाही. ॲप्नियाविना काही दिवस जाणे, पेटीबाहेर अंगाची ऊब टिकणे आणि सगळे दूध तोंडाने पिणे, या तिन्ही गोष्टी जमल्या की घरी सोडतात. मनाशी प्रसूतीची मूळ अपेक्षित तारीख धरून चाला. पुढे दोन वर्षांपर्यंत बाळाची वाढ त्याच तारखेपासून मोजा, लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे द्या. डोळ्यांच्या पडद्याची, म्हणजे आरओपी या पडद्याच्या आजारासाठीची, पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी होते आणि रक्तवाहिन्यांची वाढ पुरी होईपर्यंत ती पुनःपुन्हा करावी लागते. उपचाराची गरज पडली तर हाती दिवस थोडे असतात, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याखेरीज बाळाला घेऊन निघू नका.