वाळूजला रोज 40 किमी: मोठी स्कूटर घ्यावी का, आणि टिकवायची कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: छत्रपती संभाजीनगरात सिडकोतून वाळूज एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किमी होतात, यामाहाची एरॉक्स 155 किंवा सुझुकीची बर्गमन घ्यायची आहे, पण 'मोठ्या स्कूटरचा मेंटेनन्स झेपत नाही' असं सगळे सांगतात. त्यात तथ्य किती?

गाडी खुशाल घ्या. महिन्याचे 25 दिवस धरले तर तुमचे वर्षाला 12 हजार किमी होतात आणि एवढ्या वापराला ही गाडी आरामात पुरते. लोकांना खर्च पडतो तो डाव्या बाजूच्या मोठ्या कव्हरच्या आत, आणि ते कव्हर आवाज सुरू होईपर्यंत कुणी उघडतच नाही. ऑइल बदललं, गाडी धुतली, की सर्व्हिसिंग झाली असं समजतात.

आधी गाडी कोणती ते उरकू. एरॉक्सला दोन्ही चाकं 14 इंची, पुढे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय), इंजिन कूलंटवर थंड होणारं. छावणी, नगर नाका, वाळूजजवळचं पंढरपूर या पट्ट्यातल्या खड्ड्यांना मोठं चाक फार उपयोगी पडतं. पण पायाशी सपाट जागा नाही, मध्ये पेट्रोलच्या टाकीचा उंचवटा आहे. घरचं ज्वारीचं पोतं किंवा पाण्याचा जार आणायचा असेल तर बर्गमन घ्या. ती 125 ची, हवेवर थंड होणारी, म्हणून देखभालीला सोपी. साध्या बर्गमनचं मागचं चाक 10 इंची आहे, तिच्याच ईएक्स मॉडेलचं 12 इंची. तुमच्या रस्त्याला ईएक्सच बरी.

आता डावं कव्हर. आत पुढे-मागे दोन पुल्या आणि त्यांवर एक रबरी बेल्ट. रेस वाढली की पुढच्या पुलीतले, म्हणजे व्हेरिएटरमधले, रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली तेवढीच उघडते. म्हणजे गिअर बदलायचं सगळं काम बेल्टच्या कडा आणि त्या थाळ्या यांच्या घासणीवर चालतं. त्या घासणीची उष्णता काढायला बाहेरची हवा आत ओढली जाते. आपल्याकडची काळ्या मातीची आणि मुरमाची बारीक धूळ त्याच हवेबरोबर आत जाते, आणि एप्रिल-मे मध्ये ती हवाच 42 अंशांची असते. म्हणून मॅन्युअलमधला बेल्टचा आकडा आपल्या भागात शेवटची मुदत समजायचा. साधारण 20 ते 25 हजार किमीला बेल्ट बदलतात. तुम्हाला तो दोन वर्षांच्या सुमारास येईल. पण कव्हर मात्र दर 6 ते 8 हजार किमीला उघडून घ्या. हवा आत येते त्या तोंडाशी फोमचा फिल्टर असेल तर तो दर सर्व्हिसिंगला साफ करायला सांगा. तो चोंदला की आतली उष्णता वाढते आणि बेल्ट लवकर कडक पडतो.

उघडल्यावर काय बघायचं? बेल्टच्या दात्यांमध्ये तडे आहेत का, कडेचे दोरे सुटलेत का. रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजायला लावा. मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. बेल्ट अरुंद झाला की पुढच्या पुलीत खाली बसतो, मग इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. रोलर हातात घेऊन फिरवा. एका बाजूने चपटे झाले असतील तर सगळा सेट बदला, एक-दोन नको. आणि वजन कंपनीचंच ठेवा. हलके रोलर टाकले की पिकअप वाढल्यासारखा वाटतो, पण जालना रोडला 60 च्या वेगात इंजिन उगाच जास्त फिरतं आणि ॲव्हरेज पडतं. रोजच्या गाडीला तो उद्योग नको.

सिग्नलवरून सुटताना गाडी थरथरत असेल तर मागच्या पुलीला जोडलेल्या क्लचच्या लायनरवर, म्हणजे घासून पकड घेणाऱ्या पट्ट्यांवर, चकाकी आलेली असते. पॉलिश पेपरने हलकं घासून, क्लच बेल (क्लचभोवतीची वाटी) आतून पुसून हे पहिल्या वेळी बहुधा जातं. बेलवर निळसर डाग दिसले तर क्लच तापतोय असं समजा. त्याला कारण बहुतेक वेळा चालवण्याची सवय असते. नगर नाक्याच्या गर्दीत ब्रेक धरून थोडी-थोडी रेस देत पुढे सरकलं की क्लच अर्धवट पकडून सतत घसरत राहतो. पुढे जागा झाली की एकदा नीट रेस द्यायची, नाहीतर मूठ पूर्ण सोडायची. चढावर रेस देऊन गाडी जागेवर धरू नका, ब्रेकवर धरा.

फिटिंगच्या वेळी शक्य असेल तर जवळ उभे राहा, कारण इथली एक चूक महागात पडते. बेल्ट बसवताना आधी मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल पडतो. मग पुढची थाळी बसवून नट आवळायचा. बेल्ट ताणलेला राहिला तर तो पुढच्या दोन थाळ्यांमध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण थाळी पूर्ण बसलेली नसते. शे-दोनशे किमीत नट सैल होतो आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकावरचे आटे किंवा खाचा खराब होतात. मग पाच-पन्नास रुपयांच्या नटापायी क्रँकचं काम निघतं. नट पुली धरायच्या टूलने आणि टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या पान्याने) आवळलेला हवा. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. ग्रीस फक्त मागच्या पुलीच्या पिन आणि खाचांत, तेही उष्णता सोसणारं आणि बोटाच्या टोकाएवढं. रोलर कोरडे चालतात की ग्रीसमध्ये, हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच ठरवा. जास्तीचं ग्रीस फेकलं जाऊन बेल्टवर गेलं की बेल्ट घसरलाच म्हणून समजा.

इंजिन ऑइल दर 3 हजार किमीला, म्हणजे तुमच्या हिशोबात तिमाहीला. डब्यावर जासो एमबी (जासो हे ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं स्कूटरसाठी असतं. या गाड्यांचा क्लच कोरडा असल्यामुळे ते चालतं आणि इंजिन मोकळं फिरतं. बाइकसाठीचं एमए टाकल्याने काही बिघडत नाही, पण एमबी बाइकमध्ये टाकू नका, तिथे क्लच तेलात असतो. ऑइल मेन स्टँडवर, इंजिन थोडं चालवून, बंद करून चार-पाच मिनिटांनी मोजा. जास्त भरलं तर ते ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं. त्या डब्याखाली एक छोटी नळी असते, तिच्यात साचलेलं तेल-पाणी महिन्याला सोडून द्या. एअर फिल्टरचा कागद तेलकट असेल तर त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, बदलायचाच. उन्हाळ्यात तो लवकर भरतो.

मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं असतं, जेमतेम 100 ते 150 मिली. मागितल्याशिवाय ते बहुतेक ठिकाणी कुणी बदलत नाही. दर 10 हजाराला बदला. बाहेर आलेलं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

एरॉक्स घेतली तर कूलंटची पातळी गाडी थंड असताना बघा आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कमी पडलं तर कंपनीचं तयार कूलंट, अडचणीला डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या पाण्यातला क्षार बादलीला कसा चिकटतो ते तुम्ही बघताच, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तेच होतं.

पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाणी हवेच्या तोंडातून आत गेलं की इंजिन चालू राहतं पण बेल्ट घसरतो, गाडी जागची हलत नाही. अशा वेळी रेस देत बसू नका. कव्हरखालची निचऱ्याची नळी उघडा, पाणी काढा, आणि दुसऱ्याच दिवशी कव्हर उघडून सगळं वाळवून घ्या. गाडी धुताना प्रेशरचा पाइप त्या तोंडाकडे धरू देऊ नका.

टायरमधली हवा आठवड्याला, सकाळी गाडी चालवायच्या आधी, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. ट्यूबलेसची पंक्चर किट डिकीत ठेवाच, कारण मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर काढावा लागतो आणि रस्त्यावरचा पंक्चरवाला त्याला सहसा नाही म्हणतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. उन्हाळ्यात पेट्रोल काठोकाठ भरू नका. बीएस6 गाडीत टाकीची वाफ कॅनिस्टरमध्ये (वाफ साठवायच्या डबीत) जाते, तिथे पेट्रोलच गेलं तर गाडी चालू व्हायला त्रास देते. एरॉक्सला किक नाही, म्हणून बॅटरी साधारण तीन वर्षांची झाली की दर सर्व्हिसिंगला व्होल्टेज तपासा. रात्रभर उभ्या गाडीत 12.4 व्होल्टच्या खाली दिसत असेल तर चार्जिंग तपासून बॅटरी बदलायची तयारी ठेवा.

बेल्ट आणि रोलरचा सेट 18 हजारालाच मागवून घरी ठेवा. आपल्याकडे हे पार्ट दरवेळी दुकानात तयार मिळतील असं नाही, आणि तुटलेला बेल्ट रस्त्यात बदलता येत नाही. तुटलाच तर मागचं चाक मोकळं फिरतं, गाडी ढकलता येते. पण बेल्टचे तुकडे आत अडकून चाक जाम होत असेल तर ओढू नका, टेम्पोतच घाला.