वाचकांचे प्रश्न : कार्टूनमधली छळछावणी

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आर्वी तालुक्यात आहे. आठवीच्या पोरांना ज्यूंच्या संहारावरचा ॲनिमेशनपट दाखवायचा आहे. इंग्रजी त्यांना झेपत नाही. कोणता दाखवू? (एक शिक्षिका, जि. वर्धा)

उत्तर : बाई, कार्टून म्हणजे पोरांचंच, हे आधी डोक्यातून काढा. मिशेल हजानाव्हिसियस यांचा 'द मोस्ट प्रेशस ऑफ कार्गोज' (२०२४) लाकूडतोड्याच्या गोष्टीसारखा सुरू होतो आणि शेवटाकडे थेट छावणीत नेतो. तो आठवीला नकोच.

अरी फोल्मन यांचा 'व्हेअर इज ॲन फ्रँक' (२०२१) चालेल. ॲन ही नाझींपासून ॲमस्टरडॅममध्ये लपलेली खरीखुरी ज्यू मुलगी. ती रोजनिशी लिहायची ती 'किटी' या मनातल्या मैत्रिणीला. चित्रपटात ती किटीच शाईतून जिवंत होऊन ॲमस्टरडॅमभर हिंडते. घोटाळा नेमका इथे होतो : पोरं किटीलाही खरी समजतात. म्हणून आधी फळ्यावर चौकट आखा आणि आत ॲनबद्दल लिहा : जन्म १२ जून १९२९, लपायला गेले ६ जुलै १९४२, अटक ४ ऑगस्ट १९४४, मृत्यू १९४५च्या सुरुवातीला, बर्गन-बेल्झन छावणीत. लपलेल्या आठांपैकी एकटे वडील वाचले. किटीचं नाव चौकटीबाहेर.

भाषेसाठी निवडक वीसेक मिनिटांच्या संवादांच्या मराठी ओळी (सबटायटल्स) टाइप करा. बाकीचा भाग आवाज कमी करून तोंडी सांगा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसेक अक्षरं, नाहीतर वाचून होत नाही. या ओळींची फाइल (एसआरटी) जतन करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा. ते चुकलं की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. फाइलचं नाव चित्रपटाच्या नावासारखंच हवं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावण्यापेक्षा लॅपटॉप बरा, टीव्हीवर जोडाक्षरं बऱ्याचदा तुटतात.

एकच तास मिळत असेल तर 'सायलेन्स' (१९९८) बघा, ११ मिनिटांचा. टेरेझिनच्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) नाझी छावणीत आजीने लपवलेल्या मुलीची खरी हकिकत आहे. छावणी काळ्यापांढऱ्यात, नंतरचं स्वीडन रंगीत. हा फरक पोरांना न सांगता कळतो.

प्रश्न : आमच्या दारावर स्वस्तिक, हिटलरच्या झेंड्यावरही तेच. पोरांना काय सांगायचं? (जि. यवतमाळ)

उत्तर : 'आपलं सुलटं, त्यांचं उलटं' असं सांगू नका. ते खोटं आहे. नाझींचंही आपल्यासारखंच उजवीकडे वळतं. फरक मांडणीत आहे : लाल झेंडा, पांढरं वर्तुळ, त्यात ४५ अंशात कललेलं काळं चिन्ह. आपलं सरळ उभं, बहुधा चार ठिपक्यांसह. जर्मन त्यांच्या चिन्हाला 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे हुकासारख्या वळलेल्या टोकांचा क्रूस म्हणत. 'काहीच संबंध नाही' हेही म्हणू नका. हे चिन्ह युरोपातल्या जुन्या वस्तूंवरही सापडलं होतं. वंशश्रेष्ठत्व सांगणाऱ्यांनी ते 'आर्य' ठरवून उचललं आणि १९२०मध्ये हिटलरच्या पक्षाने झेंड्यावर घेतलं. दोन्ही चिन्हं फळ्यावर शेजारीशेजारी काढा, तेही चित्रपट लावण्याआधी. मधेच 'बाई, आपलं स्वस्तिक!' असा गलका झाला की पुढचा प्रसंग हातचा गेलाच.