शिष्यवृत्तीसाठी समाजसेवेचे किती तास लागतात?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेत अकरावीत शिकणाऱ्या आपल्या मुलाचे गुण उत्कृष्ट असले तरी त्याच्या नावावर समाजसेवेचे तास फारसे नाहीत. तेव्हा कॉलेजच्या शिष्यवृत्त्या देताना ही सेवा खरोखर पाहतात का, आणि पाहत असल्यास किती तास पुरतात. गेली सात वर्षे मी आमच्या भागातील एका छोट्या शिष्यवृत्ती निधीच्या निवड समितीवर स्वयंसेवक म्हणून अर्ज वाचतो आहे, आणि माझ्या मुलीच्या कॉलेजचा काही खर्चही अशाच शिष्यवृत्त्यांतून भागला आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी जे अनुभवले ते लिहितो. सेवा पाहिली जाते, बारकाईने पाहिली जाते; परंतु तासांची बेरीज करून नव्हे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की सगळ्या शिष्यवृत्त्यांचा निकष एकच नसतो. १९५५ साली सुरू झालेला नॅशनल मेरिट हा शिष्यवृत्ती कार्यक्रम हायस्कूलमध्ये होणाऱ्या पीएसएटी या परीक्षेतील गुणांवरून पहिली चाळणी लावतो, आणि त्या टप्प्यावर सेवेचा प्रश्नच येत नाही. याउलट कोका-कोला स्कॉलर्स ही शिष्यवृत्ती दरवर्षी १५० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देते आणि तिच्या अर्जासाठी जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, किमान ३.० असला तरी चालतो. इतक्या मोठ्या स्पर्धेत ही अट एवढी सौम्य का, याचा विचार केला की त्यांचा रोख ध्यानात येतो: गुणांमुळे दारातून आत जाता येते, पण निवड होते ती नेतृत्व आणि सेवा पाहून. ही दृष्टी काही आजकालची नाही. नॅशनल ऑनर सोसायटी ही हायस्कूलच्या गुणवंत विद्यार्थ्यांची संघटना १९२१ मध्ये स्थापन झाली, आणि विद्याव्यासंग, सेवा, नेतृत्व व चारित्र्य हे तिचे चार निकष आजही या देशातल्या असंख्य स्थानिक निधींच्या अर्जांत थोड्याफार फरकाने दिसतात.

आता तासांविषयी. मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये, देशात सर्वप्रथम, हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी समाजसेवा सक्तीची केली आणि त्यासाठी साधारणपणे ७५ तासांचे प्रमाण ठेवले. जिथे प्रत्येकच विद्यार्थ्याला तास भरावे लागतात, तिथे केवळ तासांच्या आकड्यावरून कोणाची निवड करता येणार? आमच्याकडे येणाऱ्या अर्जांतही जवळपास सर्वांचे गुण उत्तम असतात आणि बहुतेकांनी तासही भरपूर लिहिलेले असतात. चारशे तास आणि अकरा संस्थांची नावे असलेला अर्ज मी वाचतो तेव्हा माझ्या मनात पहिली शंका येते ती हीच, की या मुलाने यांपैकी एका तरी ठिकाणी पुरेसा काळ थांबून कोणाचे नाव लक्षात ठेवले असेल का.

दोन वर्षांपूर्वीचा एक अर्ज मला आजही आठवतो. ती मुलगी सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकांच्या टेबलापाशी दर शनिवारी तीन तास बसत असे. सरकारी मदतीचे ऑनलाइन अर्ज भरायला येणारी वृद्ध माणसे एकेक अक्षर शोधून टंकत, आणि अर्ज अर्धा होतो न होतो तोच ठरलेली वेळ संपून पान बंद पडे; मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिने त्या अर्जातील सर्व प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घेतले, आलेल्या माणसाला आधी पेन्सिलीने उत्तरे लिहायला बसवले, आणि नंतरच संगणकासमोर नेले. अर्जासोबत तिने त्या कागदाची एक प्रत जोडली होती, आणि तिच्या समासात ‘हा प्रश्न सर्वांना कळत नाही, दोनदा समजावणे’ अशी स्वतःसाठी केलेली नोंद होती. तिचे एकूण तास दीडशेच्याही आत होते. समितीत तिच्या नावावर चर्चा करण्याची फारशी गरजच पडली नाही, कारण या मुलीने माणसांकडे नीट पाहिले आहे हे त्या समासातील एका ओळीतून आम्हा सर्वांना कळले होते. आपल्या मुलाकडे अजून वर्षभराचा अवधी आहे. त्याने पाच ठिकाणी हजेरी लावण्याऐवजी एकच काम धरावे आणि ते काम त्याच्यावाचून थोडे अडेल इतकी जबाबदारी घ्यावी.

आपल्या घरांतून एक गोष्ट हमखास लिहायची राहते, आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते. धाकट्या भावंडाला शाळेतून आणणे, आजीसोबत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचे बोलणे तिला मराठीत समजावणे, घरखर्चाला हातभार म्हणून संध्याकाळी नोकरी करणे, हे सारे ‘घरचेच तर काम आहे’ म्हणून मुले गाळतात आणि पालकही त्यांना गाळू देतात. अनेक कॉलेजे जो कॉमन अ‍ॅप हा अर्ज स्वीकारतात, त्यात दहा उपक्रम नोंदवता येतात आणि त्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकार दिलेला आहे. वर्णनाला जेमतेम १५० अक्षरांची जागा असते, म्हणून तिथे विशेषणे न लिहिता काय केले, किती काळ केले एवढेच लिहावे. आमच्या समितीत आम्ही अशा जबाबदाऱ्यांना बाहेरच्या सेवेइतकेच वजन देतो, आणि माझ्या मते ते तसेच दिले पाहिजे.

शिफारसपत्र नामांकित व्यक्तीकडून घेण्यापेक्षा ज्यांनी मुलाला काम करताना पाहिले आहे त्यांच्याकडून घ्यावे, आणि निदान महिनाभर आधी मागावे.

अर्ज करण्यापूर्वी पात्रता मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी. आपला मुलगा एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर त्याला केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही, आणि कोका-कोला स्कॉलर्ससारख्या अनेक शिष्यवृत्त्या नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशा ठरावीक गटांनाच खुल्या असतात. अशा वेळी कॉलेजांच्या स्वतःच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्या आणि गावपातळीवरचे छोटे निधी यांकडे अधिक लक्ष द्यावे; त्यांचे नियम निरनिराळे असतात आणि शाळेच्या काउन्सेलरकडे बहुधा त्यांची यादी असते. छोट्या निधींना कमी लेखू नये. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या गिरणीकामगारांच्या शहरात आयर्विंग फ्रॅडकिन या चष्म्याच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये प्रत्येक नागरिकाकडून एकेक डॉलर मागून असाच निधी उभा केला, आणि त्यातूनच आजची स्कॉलरशिप अमेरिका ही संस्था वाढली. अशा निधींकडे अर्जही तुलनेने कमी येतात, त्यामुळे प्रत्येक अर्ज खरोखर वाचला जातो.

शेवटची बाब पैशाची, आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. माझ्या मुलीला बाहेरून ५,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात आम्ही पेढे वाटले. महिनाभराने कॉलेजचे पत्र आले, आणि कॉलेजने स्वतःच्या अनुदानातून नेमके तेवढेच ५,००० डॉलर वजा केले होते. तिने चार वर्षे केलेल्या कामाचे पैसे आम्हाला न मिळता कॉलेजचीच बचत झाली, याचा मला फार त्रास झाला. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक कॉलेजांपुरता तिला आळा घातला, आणि पुढे न्यू जर्सी, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांनीही कायदे केले. परंतु सर्व राज्यांत असे संरक्षण नाही. म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारावे की, बाहेरची शिष्यवृत्ती आल्यास आपण आधी काय कमी करता, कर्ज, कॅम्पसवरील काम की अनुदान. शिष्यवृत्तीची जी रक्कम शिक्षणशुल्क आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च होते ती करमुक्त असते, पण वसतिगृह व जेवणावर खर्च झालेली रक्कम करपात्र ठरते, हेही हिशेबात धरावे. आम्ही त्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिले, त्यात मुलीच्या नावावरील कर्जाचा आकडा दिला आणि कपात करायचीच असेल तर ती कर्जातून करावी अशी विनंती केली. तीन आठवड्यांनी सुधारित पत्र आले. अनुदान पूर्ववत झाले होते आणि कर्ज ५,००० डॉलरने कमी झाले होते.