ओठ जुळत नाहीत, तिथे कट कुठे घ्यावा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील रॅप करणाऱ्या मित्रांच्या कार्यक्रमाचे आम्ही तीन कॅमेऱ्यांनी चित्रीकरण केले. आता त्यावर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले गाणे लावून म्युझिक व्हिडिओ तयार करत आहोत, पण ओठ शब्दांशी जुळत नाहीत. प्रत्येक ठेक्यावर कट घेऊन, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाऊन पाहिले, तर नुसती धावपळ दिसते आणि कार्यक्रमातला जोश हरवतो. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ओठ न जुळण्याची दोन निरनिराळी कारणे असतात. पहिले निव्वळ अंतराचे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे स्पीकरपासून 34 मीटरवर, अगदी मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. व्हिडिओत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 स्थिर चित्रे असतील तर ही तफावत अडीच फ्रेमची होते. अशी क्लिप तुम्ही आवाजावरून जुळवली असेल, तर ओठ शब्दाच्या आधी हलताना दिसतील. ती संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमाने मांडलेल्या पट्टीवर, दोन-तीन फ्रेम उजवीकडे सरकवा, की काम झाले.

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे, आणि ते दोष समजून पुसून टाकू नये असे मला मनापासून वाटते. मंचावरचा रॅपर स्टुडिओतल्यासारखे गात नाही. तो ओळीच्या मध्येच श्वास घेतो, शेवटचा शब्द साथीदारावर सोडतो, किंवा यमकाच्या जागी माइक सरळ प्रेक्षकांपुढे धरतो आणि तो शब्द सारे सभागृह ओरडून पुरा करते. ध्वनिमुद्रणात हाच शब्द त्याच्या तोंडी आहे, म्हणून तिथे त्याचा चेहरा ठेवलात तर ओठ बंद आणि शब्द चालू अशी विसंगती दिसते. त्या क्षणी त्याच्याकडे पाहण्याचे कारणच उरलेले नसते. कट प्रेक्षकांवर जायला हवा.

गाणे ध्वनिमुद्रित असूनही व्हिडिओ जिवंत वाटू शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 1989 साली दिग्दर्शक स्पाइक ली यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात चित्रित केलेला पब्लिक एनिमी या रॅप गटाचा ‘फाइट द पॉवर’. त्याची सुरुवात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या जुन्या वृत्तचित्राने होते आणि मग आपण ब्रुकलिनच्या रस्त्यावरच्या गर्दीत येतो. ब्रुकलिनमधला हा मोर्चा चित्रीकरणासाठीच जमवलेला होता, तरी गायकांइतकेच महत्त्व त्या गर्दीला मिळाल्यामुळे गाणे कोणासाठी आहे हे सांगावे लागत नाही. बीस्टी बॉइज या रॅप गटाने तर 9 ऑक्टोबर 2004 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमात 50 कॅमेरे थेट प्रेक्षकांच्याच हाती दिले आणि त्यातून पूर्ण लांबीचा चित्रपट घडवला.

आता प्रत्येक ठेक्यावरच्या कटविषयी. मिनिटाला 90 ठेके धरले, तर दोन ठेक्यांमध्ये जेमतेम 0.67 सेकंद असतो. तेवढ्यात डोळा नवा चेहरा ओळखतो न ओळखतो तोच पुढचा येतो. शिवाय रॅपमध्ये शब्दच आधी घाईने येत असतात, म्हणून ओळी जितक्या वेगाच्या, तितका शॉट लांब ठेवावा असे माझे मत आहे. याच गतीला चार ठेक्यांचा एक बार सुमारे 67 फ्रेमचा होतो. असे एक-दोन बार चेहऱ्यावर थांबा, ओठ जिथे नेमके जुळतात तेवढेच तुकडे त्यासाठी निवडा आणि कट यमकावर घ्या. झटपट कट एखाद्याच जागी, ठेका पुन्हा जोरात सुरू होतो तिथे, राखून ठेवा.

आणि माइक प्रेक्षकांपुढे धरलेला तो क्षण आला, की स्टुडिओतला आवाज अगदी त्या एका शब्दापुरता खाली उतरवा आणि मागच्या कॅमेऱ्याने टिपलेला सभागृहाचा आवाज त्याच्या जागी येऊ द्या.