ब्रिटिश दंतकथांमधल्या राजा आर्थरची राजधानी कॅमलॉट म्हणजे इंग्लंडमधला कॅडबरी किल्लाच का?

तसा पुरावा नाही, पण दावा अगदीच हवेतला नाही. सॉमरसेट परगण्यातला हा टेकडीवरचा लोहयुगीन किल्ला, भोवती मातीच्या तटांच्या चार रांगा. (चॉकलेटशी संबंध नाही!) टेकडी आतून पोकळ असून आर्थर तिथे झोपलाय, अशी स्थानिक दंतकथा. हेच कॅमलॉट, असं १५४२ मध्ये पुराणवस्तूंचा अभ्यासक जॉन लेलंडने लिहून ठेवलं.

खरी गंमत पुरातत्त्वज्ञ लेस्ली अल्कॉक यांच्या १९६६ ते १९७० च्या उत्खननात आहे. रोमन सत्ता गेल्यावर, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कुणा बड्या असामीने तट पुन्हा बांधले, सुमारे २० मीटर लांबीचं लाकडी सभागृह उभारलं. भांडी तर थेट भूमध्य समुद्राकडून आलेली! असामीचं नाव मात्र मिळालं नाही. आणि ‘कॅमलॉट’ हे नाव पहिल्यांदा येतं ते बाराव्या शतकातल्या फ्रेंच काव्यात.