वाचक विचारतात : लंगडणाऱ्या चितळांचं काय करावं?

प्रश्न : जांबोटीच्या बाजूला रानाला लागून आमचं भात आणि ऊस आहे. पूर्वी या रानात शिकार चालायची. पीकराखणीची परवान्याची ठासणीची बंदूक आजही घरात आहे. पंधरा दिवसांत तीन चितळं लंगडताना दिसली. एकाचा पाय खुराच्या वर सुजलाय, तिथं केस गेलेली गोल रेघ दिसते. गोळी घालून हाल संपवावेत, की धरून औषध लावावं?
— एक शेतकरी, ता. खानापूर

उत्तर : दोन्ही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार जनावर जखमी करणं किंवा फास लावणं हीसुद्धा शिकारच. हाल संपवण्याचा निर्णय वनखात्याचा, तुमचा नव्हे. मेलेलं चितळही सरकारी मालमत्ता असतं. ते ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं.

धरण्याचा धोका लोकांना कळत नाही. दहा मिनिटं पाठलाग झालेलं चितळ वरून धडधाकट दिसतं, पण भीतीनं आणि धावण्यानं अंग तापतं, स्नायू आतून फुटू लागतात, लघवी काळपट होते. मग ते काही तासांत किंवा चार-सहा दिवसांनी मरतं. जखम लहान होती, मग मेलं कसं, असं लोक विचारतात. पाठलागानंच मेलेलं असतं.

तुम्ही सांगितलेली गोल रेघ फासकीची आहे, असं आम्हाला वाटतं. मोटरसायकलच्या क्लचची तार डुकरासाठी वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, खिंडीत लावतात आणि अडकतं चितळ. तार तुटली तरी पायात रुतून राहते, खालचा भाग सुजतो. कुत्र्यांचे चावे मागच्या मांड्यांवर आणि पोटाशी असतात. गाडीची धडक लागली तर एकाच बाजूचं कातडं सोललेलं असतं. मात्र तिन्ही जनावरांच्या तोंडाला लाळ आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसले, तर लाळ्या-खुरकूत समजा. मग आधी स्वतःच्या गुरांना लस टोचली आहे का ते बघा. नराच्या शिंगांवरून रक्ताळलेली कातडी लोंबत असेल तर घाबरू नका. शिंगं पक्की होताना वरची मखमल अशीच सुटते.

तीन पायांवर चालणारं चितळ कळपाबरोबर चरत असेल तर नुसती नजर ठेवा. एकटं पडलं, कान पाडून पाणवठ्याशी बसून राहिलं, जखमेवर माश्या घोंघावू लागल्या, तर उशीर नको. लांबूनच फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन घ्या आणि वनखात्याच्या रेंज ऑफिसला कळवा. फोन लागला नाही तर ११२. सर्व्हे नंबर आणि शिवाराचं नाव आवर्जून सांगा, नाहीतर गार्ड तासभर चुकीच्या वाटेवर फिरतो.

उठताच न येणारं जनावर असेल तर कुत्री बांधा, गर्दी हटवा. वनखात्यानं फोनवर सांगितलं तरच डोळ्यांवर सैल सुती फडकं टाका आणि त्याला छातीवर बसतं ठेवा. कुशीवर पडून राहिलं तर पोट फुगतं. तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका. ते फुप्फुसात जातं. रुतलेली तारही ओढू नका, कातडीबरोबर शीर तुटते.

उद्या सकाळी वईच्या कडेनं फिरा. खिंडीत वाकवलेली फांदी, खुंटीला बांधलेली तार, उकरलेली माती बघा. फासकी दिसली की हात न लावता फोटो काढून गार्डला बोलवा, कारण तो पुरावा आहे. एक सापडली तर पुढच्या प्रत्येक खिंडीत शोधा. लावणारा सहसा एकच लावत नाही.