रिकॉल ‘पूर्ण’, पंप मात्र जुनाच

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मिरजेत राहता, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली २०१९ ची पेट्रोल गाडी आहे. हायवेला चालता चालता इंजिन बंद पडतं, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होतं. या मॉडेलच्या फ्युएल पंपाचं (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप) रिकॉल निघालेलं आहे, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून द्यायचं जाहीर केलंय, पण सर्व्हिस सेंटर म्हणतं की कॉम्प्युटरवर तुमच्या गाडीचं रिकॉल ‘पूर्ण’ दिसतंय, आता पंप हवा असेल तर पैसे भरा. मेकॅनिक म्हणतो सगळा ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा घोळ आहे. आणि या सुट्टीत आंबा घाटातून रत्नागिरीला गाडी न्यावी की नाही, असं विचारलंय.

नेऊ नका. हा एक प्रश्न तरी आधी मिटवू.

बाकीचं लिहिण्याआधी सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही आणि वकीलही नाही. साताऱ्यात राहतो, कामासाठी पुण्याला जाणं-येणं असतं, आणि नेमक्या याच लफड्यातून गेलोय. माझी गाडी कुठली आणि सेंटर कुठलं ते व्यक्तिगत निरोपातही विचारू नका. पंपाचं दुखणं एका कंपनीचं नाहीच मुळी. मारुतीने जुलै २०२० मध्ये वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपासाठी परत बोलावल्या, मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेलांच्या आणखी १६,०४१. होंडाने २०२०, २०२१ आणि २०२४ अशी तीन वेळा पंपासाठी गाड्या बोलावल्या, शेवटच्या वेळी ९०,४६८. म्हणजे ‘आमच्या कंपनीत असं होत नाही’ असं कुणी काउंटरवरून ऐकवलं तर मान डोलावून पुढे चला.

नेऊ नका का म्हणतो, तर ‘बंदच पडते ना, पेट तर घेत नाही’ असं सेंटरवाले फार सहज बोलतात. माझी गाडी खंबाटकीत बंद पडली, पुण्याकडून साताऱ्याकडे येताना, चढावर, वळणात, मागे कंटेनर. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदतही थांबते, साठलेल्या जोरावर एखाद-दोन वेळा पेडल नीट दबतं, मग कडक होतं. म्हणून गाडी बंद पडली की ब्रेक दाबत-सोडत बसायचं नाही, एकदाच दाबून धरायचा, चारही इंडिकेटर लावायचे, गाडी डाव्या कडेला घ्यायची आणि सगळ्यांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. घरातली माणसं आत बसवून स्टार्टर मारत राहू नका.

ई-२० वर इथे आधीच दोनशे प्रतिक्रियांचं भांडण होऊन गेलंय, ते पुन्हा नको. पंपाचा दोष साधा आहे. पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्यात प्लॅस्टिकची छोटी पाती असलेलं चाक फिरतं, त्याला इम्पेलर म्हणतात. होंडाच्या बाबतीत दोष या इम्पेलरमध्येच होता. प्लॅस्टिक कमी घनतेचं निघालं तर ते पेट्रोल पिऊन फुगतं, बाजूच्या भिंतीला घासतं, आणि एक दिवस अडकतं. गार झाल्यावर पुन्हा फिरू लागतं, म्हणून तर तुमची गाडी थोड्या वेळाने सुरू होते आणि सेंटरला नेली की शहाण्यासारखी चालते. पंप गार राहतो तो पेट्रोलनेच, त्यामुळे पंप बदलून होईपर्यंत टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. सांगलीकडचे बरेच जण सीएनजीवर फिरतात आणि पेट्रोलची टाकी कायम कोरडी ठेवतात, त्यांनी हे जरा जास्तच मनावर घ्यावं.

पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र विषयच वेगळा. गळतीचेही रिकॉल होऊन गेलेत. मारुतीच्या ए-स्टारचं २०१० मध्ये पंपाच्या गॅस्केटवरून (गळू नये म्हणून लावलेली चकती) झालं होतं, वॅगन आरचं २०१९ मध्ये पेट्रोलची नळी आणि तिच्या क्लॅम्पवरून. वास येत असेल तर गाडी स्वतः चालवत सेंटरला न्यायची नाही. बंद पार्किंगमध्ये लावायची नाही, टो मागवायचा. तुमच्या पोस्टमध्ये वासाचा उल्लेख नाही म्हणून इथेच थांबतो.

आता ते ‘पूर्ण’.

रिकॉल जाहीर झालं तेव्हा माझी गाडी नेहमीच्या सर्व्हिसला गेलेली होती. मीच विचारलं, पंपाचं काय? अॅडव्हायजर म्हणाला, बघतो सर. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून हातात दिली, म्हणाला, सगळं झालंय. पुढे खंबाटकीचा प्रकार झाला, गाडी टो करून त्याच सेंटरला आणली, तर तोच माणूस कॉम्प्युटर वळवून दाखवतो: कॅम्पेन क्लोज, म्हणजे रिकॉलचं काम झाल्याची नोंद. मी म्हटलं, बरं, मग पंप दाखवा. तो म्हणाला, सिस्टीममध्ये क्लोज आहे. मी म्हटलं, सिस्टीम टाकीत उतरलेली नाही, सीट उचला आणि दाखवा. तर म्हणे त्यासाठी वेगळं जॉब कार्ड (गाडीची तक्रार आणि करायचं काम लिहिलेला सेंटरचा कागद) उघडावं लागेल आणि तपासणीचे पैसे पडतील. मॅनेजर जेवायला गेलेले. नंतर ते मीटिंगला गेले. पुढच्या वेळी ते पुण्याला होते. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला तर तिथेही हेच, ‘आपल्या वाहनावर कोणतंही कॅम्पेन बाकी नाही’. मग दुसऱ्या गावच्या सेंटरला नेली तर ते म्हणाले, आम्हाला पंप मागवताच येत नाही, कारण तुमच्या चासी नंबरवर एक पंप आधीच खर्ची पडलेला दिसतोय.

मुद्दा नीट लक्षात घ्या. रिकॉलची नोंद चासी नंबरवर असते, आणि एका सेंटरने ती बंद केली की बाकी सगळ्यांसाठी दार बंद. पंप न बदलता ती का बंद केली, पंप आला नव्हता म्हणून, महिन्याचा आकडा भरायचा म्हणून की नुसता हलगर्जीपणा, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी असंच होतं असं मी म्हणत नाही. साताऱ्यातच चांगली माणसं असलेलं सेंटरही पाहिलंय. पण या एका खोट्या नोंदीने मला पंपाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त मनस्ताप दिला.

तुमच्या गाडीत पंप खरंच बदललेलाही असू शकतो. पहिल्या मालकाने करून घेतला असेल आणि आताचा बिघाड दुसराच असेल. म्हणून भांडायला जाण्याआधी जॉब कार्ड शोधा. रिकॉल ज्या तारखेला ‘पूर्ण’ झालं त्या दिवसाचं जॉब कार्ड आणि बिल, दोन्ही. आरसी तुमच्या नावावर असेल तर सेंटरकडून गाडीची सर्व्हिस हिस्टरी छापून मागा. काचकूच करतील, पण मागा. पहिल्या मालकाचा नंबर असेल तर त्यालाही विचारा, बिलाचा फोटो सापडला तर सोनंच. त्या बिलात बघायचं एवढंच की पंपाचा पार्ट नंबर आणि पुढे शून्य रुपये अशी ओळ आहे का. फुकट दिलेला भागही बिलावर येतो. माझ्या बिलात कॅम्पेनच्या नावाने मजुरीची एक ओळ होती, भागाची ओळच नव्हती. त्या एका कागदाने जे काम केलं ते माझ्या सगळ्या आरडाओरड्याने केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, पंप डोळ्यांनी बघा. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसतं, त्याखाली पंप. काहींमध्ये टाकी उतरवावी लागते. हे घरी करू नका आणि नाक्यावरच्या मेकॅनिककडूनही नको. पेट्रोलची वाफ आणि एक ठिणगी, पुढचं सांगायला नको. शिवाय त्याने उघडलं की कंपनी म्हणणार बाहेर उघडलंय. दुसऱ्या अधिकृत सेंटरला तपासणीचे पैसे भरा, समोर उभं राहून उघडून घ्या, पंपावरच्या लेबलचा फोटो काढा आणि जो नंबर दिसला तो जॉब कार्डवर लिहून घ्या. ते म्हणतील, लिहायची काय गरज, आम्ही बोलतो ना कंपनीशी. तिथे अजिबात ऐकायचं नाही. जॉब कार्डवर ग्राहकाच्या तक्रारीचा रकाना असतो, त्यात तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘गाडी चालू असताना बंद पडते, रिकॉलचा पंप बदलल्याचं दाखवतात, बदललेला नाही असा माझा आक्षेप.’ ते नुसतं ‘पिकअप प्रॉब्लेम’ लिहून मोकळे होतात. सही करण्याआधी वाचा.

हे दोन कागद हातात आले की कंपनीला ईमेल. फोन नको. फोनवर गोड बोलतात आणि मागे काही उरत नाही. ईमेलमध्ये चासी नंबर, जॉब कार्डची तारीख, फोटो, आणि एकच मागणी: ही नोंद पुन्हा उघडा आणि पंप बदला. शिव्या, संताप, घाटातली कहाणी यातलं काही लिहू नका. मला आधी ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक त्याच ईमेलला जोडला, आणि त्यानंतर कंपनीच्या विभागीय माणसाचा स्वतःहून फोन आला. तुमच्याबाबतीत असंच होईल याची हमी देत नाही, पण पैसे लागत नाहीत, करून बघा.

आरटीओत हेलपाटे घालू नका. तुम्हाला कुणी ना कुणी तिकडे पिटाळणारच. गाडी नावावर करण्यापलीकडे या प्रकरणात तिथे तुमचं काही काम नाही. सरकारकडे दोषाची तक्रार करायची सोय वाहन पोर्टलवर आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, आणि त्यात ऐकत नसलेल्या कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. ऐकायला भारी वाटतं. पण ही व्यवस्था एका मॉडेलबद्दल पुरेशा तक्रारी जमल्या की हलते आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे, तेव्हा तुमच्या गाडीचा उत्पादनाचा महिना बघा. तिथे तक्रार जरूर करा, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. तुमचा पंप त्यातून लगेच येईल असं मला वाटत नाही. कंपनीने स्वतःहून जाहीर केलेल्या रिकॉलला ही सात वर्षांची अट अडवत नाही, होंडाच्या २०२४ च्या यादीत २०१७-१८ च्या गाड्याही होत्या.

काही जण थेट ग्राहक आयोगात जा म्हणून सल्ला देतील. माझं मत, तो शेवटचा रस्ता ठेवा. तुम्ही सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकता, राहत्या जिल्ह्यात करता येते, गाडी पुण्याची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण तारखा पडतात, आणि तोवर गाडी दारात उभी. फक्त दोन वर्षांची मुदत असते ती डोक्यात ठेवा, आणि ती नेमकी कधीपासून मोजायची हे वकिलालाच विचारा, माझ्यावर विसंबू नका.

सेकंडहँड गाडीवाल्यांसाठी एक, विषय निघालाच आहे म्हणून. रिकॉलचं पत्र आणि मेसेज कंपनीकडे ज्याचा नंबर आहे त्याला जातो, म्हणजे बहुतेकदा पहिल्या मालकाला. आरसी नावावर झाली तरी कंपनीच्या नोंदीत आपोआप काही बदलत नाही. सेंटरला सांगून चासी नंबरसमोर तुमचा मोबाइल घालून घ्या.

मेकॅनिककडून स्वखर्चाने पंप बसवायचा विचार दिसतोय तुमचा. घाई असेल तर समजू शकतो, पण मग जुना पंप त्याच्याकडे सोडू नका आणि पार्ट नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, नंतर कंपनीकडे पैसे मागायला तेवढाच आधार. मिळतीलच असं नाही. मला गाडी टो केल्याचे पैसे मिळालेले नाहीत. आणि बाजारातून घेतलेला पंप म्हणजे सुटलो असंही नाही. होंडाच्या २०२४ च्या रिकॉलमध्ये अशा २,२०४ गाड्या होत्या ज्यांत तोच सदोष पंप आधी सुटा भाग म्हणून बसवला गेला होता.

पंप बदलायला बोलावतील तेव्हा टाकी फुल करून जाऊ नका. पाव ते अर्ध्याच्या मधे ठेवा. नाहीतर मिरजेहून गाडी नेल्यावर ‘टाकी भरलेली आहे, खाली करून आणा’ हे ऐकून परत याल.